चौथं लिंबू

दारावर टांगलेल्या लिंबानं प्रयोगासाठी खाली उतरायला नकार दिला. त्याची ड्यूटी संपली नव्हती.

स्वरांगीची पंचाईत झाली. टोपलीत तीनच लिंबं होती. प्रत्येकात एक जस्ताचा खिळा आणि एक तांब्याची तार खुपसून तिनं ती एकमेकांना जोडली होती. शेवटच्या दोन तारा मोडक्या खेळण्यातल्या चिमुकल्या एलईडी दिव्याला लावल्या होत्या, पण दिवा काही लागत नव्हता. पुस्तकात चार सांगितली होती. सकाळपासून ती ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती. तिला तो दिवा लागताना बघायचा होता, बस्स.

"पाचच मिनिटं," ती हळूच म्हणाली.

"पाच मिनिटांत नजर लागत नाही, असं कुणी सांगितलं?" लिंबू म्हणालं. "मला शनिवारी टांगलंय. पुढच्या शनिवारी ये."

"तोवर बाकीची तीन सुकतील हो."

शिलाई मशीनवरून आईनं मान वर केली. "अगं, वाद काय घालतेस त्याच्याशी? बदली दे."

"कोण? तू?"

"मला हा ब्लाऊज संध्याकाळी द्यायचाय, बाई."

लिंबानं नियम सांगितले. बदली घरातलीच हवी, दोऱ्यानं बांधलेली हवी. तोंड रस्त्याकडे. मागं वळून पाहिलं तर हजेरी धरत नाहीत.

"मग मला दिवा कसा दिसणार?"

"ते माझ्याकडे येत नाही," लिंबू म्हणालं.

आईनं स्टूल आणून स्वरांगीला त्यावर उभं केलं, तिच्या कमरेला दोरा बांधून चौकटीच्या खिळ्याला अडकवला आणि तारा जोडायला लिंबू आत नेलं. मिरच्या स्वरांगीच्या हातात राहिल्या.

शेजारचे हिरवेकाका दुधाची पिशवी घेऊन चालले होते. "आज तू गं? लिंबू रजेवर?"

"प्रयोगाला गेलंय," ती पुटपुटली.

"बरं, बरं. मान वर ठेव जरा."

पाठोपाठ आलेल्या एका बाईनं घराकडे टक लावून पाहिलं. एरवी पाहुण्यांसमोरही मान खाली घालणाऱ्या स्वरांगीनं तिच्याकडे तशीच टक लावली. बाई पदर सावरत निघून गेली.

"लागला! अगं, लागला की!" आतून आई ओरडली.

स्वरांगीची मान वळू लागली. तिनं दात आवळले.

"कसा दिसतोय?"

"कसा म्हणजे? दिव्यासारखा."

"नीट सांग ना, आई!"

"इवलासा आहे. तांबूस. बघत राहावंसं वाटतंय गं."

मग लिंबाचा आवाज आला. हे काम त्याला आवडलं होतं. शनिवारपर्यंत तिथंच राहायला जमेल का, असं ते विचारत होतं.

स्वरांगीनं मिरच्या दुसऱ्या हातात घेतल्या. रस्त्याच्या टोकाकडून कुणीतरी येत होतं.