गेलो की गेले

पेशंटनं काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, की डॉक्टर आंबर्डेकरांना फार आनंद व्हायचा. खुर्चीत पुढे सरकून ते तळहात एकमेकांवर चोळायचे आणि पंगतीत जिलबी आल्यासारख्या चेहऱ्यानं म्हणायचे, "मला माहीत नाही!"

रत्नागिरीत डॉक्टर पुष्कळ, पण असं म्हणणारा हा एकच. "माहीत नाही तर दवाखाना कशाला उघडलात?" एक आजोबा तोंडावर म्हणाले होते. "माहीत करून घ्यायला," डॉक्टर म्हणाले, आणि आजोबांना त्यांच्या स्वप्नांबद्दल तासभर विचारत बसले. पुढच्या आठवड्यात आजोबा आपणहून परत आले.

डॉक्टर होते मनाचे. पाटीवर मात्र लिहिलं होतं 'निद्रा व पचन'. मनाच्या डॉक्टरकडे जाताना कुणी पाहिलं तर घरातल्या मुलींची लग्नं अडायची. पचन काय, कुणाचंही बिघडतं. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. टायपिंगची परीक्षा पास झाले आणि पडद्यामागच्या टेबलावर मला नोकरी मिळाली.

प्रश्न विचारायची त्यांना खोडच होती. एकदा मासळीबाजारात त्यांनी विचारलं, "मासे झोपतात का हो?"

"माज्या टोपलीत आले की झोपतात," मासेवाली म्हणाली.

डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि बांगडे घ्यायचे विसरून घरी गेले.

एका सकाळी लांज्याकडच्या एका गावातून दोघं भाऊ आले. थोरला मुंबईत नोकरीला, चार दिवसांची रजा काढून आलेला. धाकटा सदानंद गावच्या शाळेत गणिताचा मास्तर. मास्तर खाली बघत बसले. बोलत होता थोरलाच.

"डाक्टर, लगीन ठरलंय याचं. पावसची पोरगी. आणि हा म्हणतो, मी बाई आहे! बापाशीनं कौल लावलान, भगत झाला, काय उपेग नाय. तुमी आपलं लिहून द्या, लगीन झालं की ठीक होईल म्हणून."

"तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले.

थोरला गेल्यावर डॉक्टरांनी दार लावून घेतलं. मग, मासेवालीला विचारलं होतं त्याच सुरात, त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्ही मनात स्वतःशी बोलता ना? तेव्हा 'मी शाळेत गेलो' म्हणता, की 'गेले'?"

माझी टायपरायटरवरची बोटं थांबली.

"गेले," पडद्यापलीकडून अगदी हळू आवाज आला.

"कधीपासून?"

"बोलायला लागल्यापासून. आईनं मारून सुधारलान. तोंडातलं सुधारलं."

मग मास्तर रडायला लागले. दाढी आली तेव्हापासून आरसा बघत नाही, विहिरीवर जाऊन दोनदा परत आलो, असं काय काय सांगत राहिले. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "मला वेड लागलंय का?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा जिलबीचा नव्हता, हे मला आवाजावरून कळलं. "आठ दिवस द्या. आणि तोवर विहिरीकडे जायचं नाही. कबूल?"

त्यांनी मुंबईच्या एका मित्राला ट्रंककॉल केला. एस.टी.नं एक जाडजूड पुस्तक आलं. डॉक्टर ते बोट ठेवून वाचायचे, जेवताना वाचायचे, सोलकढीचा एक गुलाबी डाग त्यातल्या नेमक्या पानावर पडला. मध्येच एकदा पडदा सारून ते मला म्हणाले, "बाई, आपण बाई आहोत हे तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, हे काय विचारणं झालं?"

"आरशात बघून कळलं? कुणी सांगितलं म्हणून?"

मी रागावूनच घरी गेले. फणसाचे गरे काढता काढता विचार करत राहिले. हाताला चीक लागला, तो तेलानं निघाला, प्रश्न काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "डॉक्टर, मला माहीत नाही. मला ते नुसतं ठाऊक आहे."

"मास्तरांनाही तसंच ठाऊक आहे," ते म्हणाले.

आठ दिवसांनी थोरल्याला समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलं, "हे वेड नव्हे. वेड्याला भ्रम असतो. यांना आपलं शरीर कसं आहे ते पक्कं कळतं, म्हणून तर जीव कासावीस होतो. त्या कासाविशीला आमच्या शास्त्रात नाव आहे. आज तिला विकार म्हणतात, उद्या काय म्हणतील सांगता येत नाही. मुंबईला उपचार आहेत, वेळ लागेल. पण लग्न हा उपचार नव्हे. त्या पावसच्या पोरीनं काय पाप केलंय?"

"मग आमचा भाऊ आम्हाला परत नाय मिळणार?"

"माणूस जिवंत मिळेल. तेवढं बघा."

थोरला उठला आणि एकटाच निघून गेला.

लग्न मोडायला डॉक्टर स्वतः पावसला गेले. "दोष तुमच्या मुलीचा नाही, कारण विचारू नका, शिव्या मला द्या," असं त्यांनी मुलीच्या बापाला सांगितलं. बापानं भरपूर दिल्या. डॉक्टर मोडकी छत्री घेऊन परतले. पण निघता निघता त्याच बापाला हापूसची कलमं कशी बांधतात ते विचारून आले होते.

मास्तरांची नोकरी गेली. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या मुंबईला गेल्या. सुमन हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं. गणिताच्या शिकवण्या करतात, एवढं आम्हाला पत्रांतून कळायचं.

दोनेक वर्षांनी भाऊबिजेला मी फराळाचा डबा द्यायला गेले. दिवाळीतही डॉक्टर दवाखान्यातच बसायचे; लग्न केलेलं नव्हतं, घरी कुणी नव्हतं. बाकावर हिरवी साडी नेसलेली एक बाई ताट झाकून बसली होती.

"गावी जाऊन आले," सुमनताई म्हणाल्या. "दादा दिवाळीला घरी आलाय, त्यानं दार उघडलं नाही. ताट तसंच राहिलंय. डॉक्टर, तुम्हाला चालणार असेल तर..."

डॉक्टर गडबडून उभे राहिले. पाट नव्हता, म्हणून स्टुलावर बसले. टोपी नव्हती, मी डोक्यावर रुमाल टाकला. सुमनताईंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठीनं ओवाळलं. निरांजन खाली ठेवल्यावर डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "बहीण नव्हती मला. भाऊबिजेला गल्लीतली पोरं टिळे लावून खेळायला यायची. मी आरशापुढे उभा राहून आपलाच लावून घ्यायचो."

सुमनताईंनी वाकून त्यांच्या नाकावर सांडलेलं कुंकू पदरानं टिपलं. "आता संध्याकाळपर्यंत पुसू नका," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी ते मला बाजारात दिसले. ओळखीच्या प्रत्येकापाशी थांबत होते, आणि बोलताना कपाळ थोडं पुढे करत होते.