भट्टीवाले अण्णा

जेवणाचा डबा आधी कानाला लावून मग उघडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे वेंकोबाअण्णा. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी संशोधन करत होते, तिथल्या भट्टीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "आत वाफ कोंडलेली असती गं, एकदम उघडू नये," म्हणायचे. अहो, आत काय, तर दहीभात!

बंगळुरात त्यांच्या कैक पिढ्या गेलेल्या, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प निधान", म्हणजे जरा सावकाश, हे दिवसभराचं पालुपद. मी पुण्याची, कायम घाईत. सोड्याची बाटली ते इतकी बेतानं उघडत की पेल्यात नुसतं पाणी पडे. राहुकाळात भट्टीचं बटण दाबायचं नाही. राजाजीनगरच्या बसथांब्यावरून परत जाऊन घरचा गॅस बंद आहे का बघायचं, आणि लॅबमध्ये पोचलं की शेजारच्या अक्कांना फोन करून पुन्हा बघायला लावायचं.

त्यांचं कामच तसं होतं म्हणा. अणुभट्टीत वर्षानुवर्षं ठेवलेले ऑक्साइडचे स्फटिक आमच्याकडे यायचे. दिसायला खडीसाखर, रंग मात्र करपलेला. किरणांच्या माऱ्यानं आतले अणू जागचे हललेले, जागोजाग पोकळ्या, आणि त्यांत वायू अडकून बसलेला. स्फटिक हळूहळू तापवला की वायू बाहेर येतो, तो मोजून त्याचा ग्राफ काढायचा. घाई केली की स्फटिक फुटतो, आणि मग त्यातून काही मिळत नाही.

माझ्या वाट्याला असा एकच आला होता. फेलोशिप महिनाअखेर संपत होती. ग्राफ मिळाला तर थीसिस, नाहीतर पुण्याला परत, आणि तिथे आईनं स्थळं बघून ठेवलेलीच होती. अण्णा मात्र रोज नवं कारण काढायचे. आज व्होल्टेज कमी, उद्या अमावास्या. शेवटी "अण्णा, आता मी इथेच रडेन हं!" अशी धमकी दिली, तेव्हा कुठे "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले.

भट्टी तापू लागली. अण्णा स्टुलावर, मी त्यांच्या मागे, दोघंही श्वास रोखून. अर्ध्यावर वीज गेली. अण्णा ताडकन उठले आणि खोलीतल्या एकूण एक यंत्राची पिन उपटत सुटले, वीज परत येताना झटका बसू नये म्हणून. पंप, पंखा, कॉफीची शेगडीसुद्धा. घाईत राहिली फक्त भट्टीची. वीज आली, आणि निवत आलेल्या भट्टीनं मागचं सगळं भरून काढायला एकदम जोर केला. आतून बारीक 'टिक्' असा आवाज आला.

"अय्यो," म्हणत अण्णा मटकन खाली बसले. मी पर्स उचलून तडक बाहेर पडले. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कापसात गुंडाळलेला एक स्फटिक होता. तसाच, त्याच करपट रंगाचा. अण्णा बाजूला उभे.

"हा कुणाचा?"

"माझाच गं. तरुणपणी मीपण थीसिस करायला घेतलेला. सरांनी हा दिला होता, तुझ्यासारखा एकच."

"मग तापवला का नाही?"

"आणि फुटला असता तर?" ते म्हणाले. "कपाटात होता तोवर थीसिस होणारच आहे असं वाटायचं बघ."

काल ज्या माणसाचा गळा दाबावासा वाटला होता, त्याच्या पायाच पडावंसं वाटलं मला. "नको अण्णा, हा नको," म्हटलं, तर केवढ्यानं ओरडले, "बटण दाब म्हणतो ना!" त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग ते बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्याच्यानं बघवत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ग्राफ उतरला, अगदी हवा तसा. सकाळी भट्टी निवल्यावर मी स्फटिक बाहेर काढला. अखंड होता. रंग उडून पाण्यासारखा स्वच्छ झाला होता. मी धावतच जाऊन तो अण्णांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरला, उलटासुलटा करून पाहिला. ग्राफचं काहीच विचारलं नाही.

"फुटला नाही, अण्णा," मी म्हटलं.

"बघतोय ना." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "एवढंच होतं होय गं?"