काकींच्या टीव्हीवर माझं ऑफिस

या घरात बाबांनंतर वायरी, प्लग आणि पासवर्ड कोणाला कळत असतील, तर मला! असं मी त्या दिवशी आईला ठणकावून सांगितलं.

चार वाजता ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. मुलांसाठी माशांवरचं पुस्तक साहेबांसमोर मांडायचं होतं. पसंत पडलं तर माझं पहिलं पुस्तक. नाहीतर पुन्हा दुसऱ्यांची प्रुफं!

बेत सोपा. लॅपटॉपवरून साहेबांना चित्रं दाखवायची आणि बाबांचा जुना कॉम्प्युटर दुसरा पडदा म्हणून लावून त्यावर चित्रांशेजारी लिहिलेली माझी टिपणं वाचायची. बाबांना जाऊन आठ महिने झाले. त्या कॉम्प्युटरची धूळ मी रोज पुसत होते. चालू आज पहिल्यांदा केला.

वायरलेस जोडणीच्या यादीत नाव आलं, 'शिवा राणे'. खाली पुन्हा 'शिवा राणे'. पातेल्यापासून छत्रीपर्यंत सगळ्यावर आपलं नाव घालायची बाबांना सवय. दोनदा घातलं असेल! मी वरचं दाबलं. लॅपटॉप म्हणाला, जोडलं. बाबांचा पडदा मात्र काळाच. जुनं यंत्र, उठेल सावकाश, म्हणत मी टिपणं तिकडे सरकवली.

ती गेली. कुठे गेली, ते चार वाजता कळलं. शेजारी गुणवंतीकाकींकडे मालिका बघायला गेलेली आई धापा टाकत आली.

"दर्शना, काकींच्या टीव्हीवर तुझं ऑफिस लागलंय!"

तो टीव्ही बाबांनीच जोडून दिला होता. त्यानं नाव विचारल्यावर सवयीनं आपलंच घातलं होतं!

"दर्शना, सुरू करा," साहेब म्हणाले.

टिपणं परत लॅपटॉपवर ओढायला वेळ नव्हता. मी माईक बंद करून कुजबुजले, "आई, काकींना सांग, चॅनल बदलू नका. टिपणं वाचून दाखवा. पण हळू!"

काकी पस्तीस वर्षं परळच्या बाजारात मासे विकतात. त्यांचा हळू आवाज भाऊच्या धक्क्यापर्यंत जातो. इथे तर मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन!

"नमस्कार म्हणायचं!" पार्टिशन गरजलं.

"नमस्कार," मी माईक चालू करून म्हणाले.

"इथे थोडं हसायचं!"

मी हसले. साहेबांनी चष्मा काढला. "कोण बोलतंय?"

"ते... शेजारी..."

"साहेबांनी अवघड प्रश्न विचारला तर विषय बदलायचा!"

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. माझं पुस्तक बुडालं, हे मला दिसत होतं. टिपणांशेजारी काकींना चित्रंही दिसत होती, हे मात्र मी विसरले होते.

"अगं ए, ह्याला पापलेट कोण म्हणतं? हा हलवा मासा हाय! आणि बोंबलाचे दात कुठे गेले?"

साहेब पुढे सरकले. "बोंबलाला दात असतात?"

आता काकी पार्टिशनमागे थांबणं शक्यच नव्हतं. त्या आल्या आणि मला कोपरानं सरकवून कॅमेऱ्यासमोर बसल्या.

"असतात म्हंजे? चावलाय मला! हे बघा बोट!"

पुढची वीस मिनिटं साहेबांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी म्हणाले, "पुस्तक काढू या!" मी उडीच मारणार, तोच ते पुढे म्हणाले, "काकी, सोमवारी पुन्हा भेटायचं?"

"चालंल. सोमवारी कोण मासे खातं?"

"छान. आणि दर्शना, तुम्हीही असा. जोडणी तुम्हाला चांगली जमते."