गिटारीत दोष आहे

"घरातल्या घरात वाजवायला हवीय," तपासनीस म्हणाले. "स्वस्त चालेल, पण सदोष चालणार नाही."

वाद्यांच्या दुकानातल्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि भिंतीवरून तीन क्लासिकल गिटारी काढून काउंटरवर ठेवल्या. तपासनीसांनी बाह्या दुमडल्या. पंख्यांच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली होती. चालू पंख्याखाली डोळे मिटून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून "नापास" म्हणायचं, यासाठी ते प्रसिद्ध होते. कारखान्यातच काय, शेजारीपाजारीसुद्धा त्यांना तपासनीस म्हणूनच ओळखत. आता निवृत्ती जवळ आली होती आणि त्यानंतर दुपारी खिडकीशी बसून गिटार वाजवायची, हा त्यांचा फार जुना बेत होता.

पहिल्या गिटारीची वरची फळी अखंड लाकडाची होती, त्यामुळे ती खिशाला झेपणारी नव्हती. दुसरी इतकी स्वस्त होती की तिच्या खुंट्या हात लावताच गरकन फिरत होत्या. "नापास," तपासनीस म्हणाले. तिसरी साध्या प्लायवूडची, रुंद दांड्याची, नायलॉनच्या तारांची. तपासनीसांनी एक डोळा मिटून दांडा सरळ आहे का ते पाहिलं, बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून पाहिलं, आणि मधल्या भोकाला नाक लावून आत सरस नीट बसलाय का याचाही वास घेतला.

मग बाईंनी ती गिटार मांडीवर घेतली. खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून त्या कुठल्याशा कुरियरवाल्याला झापत होत्या आणि झापता झापताच त्यांनी एक छोटीशी धून वाजवली. एकेक स्वर असा स्वच्छ उमटला की तपासनीसांनी आपोआप डोळे मिटले.

"पास," ते म्हणाले.

सगळं तपासून झालं होतं. फक्त स्वतः वाजवून पाहायचं राहिलं होतं. पण येत नसताना चार गिऱ्हाइकांसमोर वाजवून स्वतःची शोभा कोण करून घेणार?

घरी आल्यावर ते खिडकीशी बसले, तारेवर बोट दाबलं आणि छेडली. खर्र. बोट सरकवून पुन्हा छेडली. पुन्हा खर्र. पंख्याचं पातं जाळीला घासलं की येतो, अगदी तोच आवाज. तपासनीसांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"फसवलं," ते म्हणाले.

त्यांची बायको इस्त्री करत होती. तिचा धाकटा भाऊ सोफ्यावर चहा पीत बसला होता. जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं मत तयार असे.

"भाऊजी, गिटारीत काही दोष नाहीये," मेहुणा म्हणाला. "बोटांत आहे."

"मी जन्मभर आवाज ऐकत आलोय. खरखर कुठून येते ते मला कळतं."

"कुठून येते?"

"गिटारीतून."

"मग दुकानात त्या बाईंनी स्वच्छ वाजवली म्हणता, तेव्हा का नाही आली?"

"दाबली असेल त्यांनी."

"अहो, आधी थोडं शिका तरी," बायको कॉलर दाबत म्हणाली. "मग ठरवा."

"सदोष मालावर कुणी शिकत नसतं."

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटताच तपासनीस गिटार घेऊन दुकानात हजर झाले आणि आवाज चढवून म्हणाले, "बाई, ही खरखरते." बाईंनी गिटार घेतली, कालचीच धून वाजवली. कुठे खरखर नाही, काही नाही.

"माझ्या घरी खरखरते," तपासनीस म्हणाले.

"घरी बसता कशावर?"

हा प्रश्न बाईंनी सहज विचारला होता, पण तपासनीसांच्या डोक्यात तो पक्का बसला. घरची खुर्ची वेगळी, म्हणजे बसण्याची उंची वेगळी, म्हणजे तपासणी सारख्या परिस्थितीत झालेलीच नाही. कारखान्यात असा अहवाल त्यांनी तोंडावर फेकला असता. तेव्हा पुढच्या वेळी ते गिटारीबरोबर जेवणाच्या टेबलाची खुर्चीही घेऊन बसमध्ये चढले. कंडक्टरने खुर्चीचं वेगळं तिकीट मागितलं, त्यावरून वाद झाला, आणि शेवटी तपासनीस त्याच खुर्चीवर बसून आल्यामुळे मागचे प्रवासी "आम्हालाही घरून आणू द्या" म्हणायला लागले. दुकानात पोचेपर्यंत त्यांचा पारा चांगलाच चढला होता.

बाई त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी धून वाजवली. आधीपेक्षा गोड वाजली. दुकानात आलेले एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "हीच द्या मला. बायकोला द्यायचीय."

"नवीन काढून देते," बाई म्हणाल्या.

"नको, हीच. आवाज ऐकलाय मी."

पैसे परत मिळायची याहून चांगली संधी आली नसती. तपासनीसांनी फक्त मान डोलवायची होती. पण ते गिटारीला आडवे झाले. "हा सदोष माल आहे. मी जिवंत असेपर्यंत हा दुसऱ्याच्या गळ्यात पडू देणार नाही."

गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी छताकडे पाहिलं, आणि गृहस्थ काहीच न घेता निघून गेले. आता बाईंचाही संयम सुटला.

"साहेब, तुम्ही वाजवून दाखवा. मी वाजवली तीच धून, याच खुर्चीत. एकदा जरी खरखरली तर या घटकेला पैसे परत."

"मला ती धून येत नाही."

"मग शिका आणि या. मी कुठे पळून चाललेय?" त्यांनी बोटं कुठे ठेवायची ते तारेवर दाखवलं. "आणि बोट या धातूच्या पट्टीला लागून मागे दाबायचं. मधेच दाबलं तर खरखरणार."

तपासनीस उपहासाने हसले. "पंखा विकताना आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही की अमुक जागी उभे राहिलात तरच वारा लागेल."

पण अट न्याय्य होती, हे त्यांना मान्य करावं लागलं. तीच धून, तीच खुर्ची, तीच गिटार. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी चहा न घेता खिडकीशी बसू लागले. शिकण्यासाठी नव्हे, दोष सिद्ध करण्यासाठी. गिटार खरखरली की ते मान वर करून बायकोला विचारत, "ऐकलंस?" आणि ती म्हणे, "ऐकलं."

वरवर हा सगळा प्रकार रागाचा होता, पण आत एक भीती होती. कारखान्यात डबा खाताना ती डोकं वर काढायची. गिटारीत दोष नसेल तर मेहुण्याचं खरं. मग दोष आपल्यात. आणि या वयात दोष आपल्यात निघाला तर तो दुरुस्त होत नाही, निवृत्तीनंतरच्या सगळ्या दुपारी नुसत्या खिडकीतून बाहेर बघत काढायच्या. त्यापेक्षा गिटार सदोष असलेली फार बरी. म्हणून ते जीव तोडून सराव करत होते.

काही आठवड्यांनी एक विचित्र गोष्ट घडू लागली. खरखर कमी झाली. आधी एका तारेवरची गेली, मग दुसरीवरची. तपासनीस हवालदिल झाले. पुरावा डोळ्यांदेखत नाहीसा होत होता.

"हवा बदललीय," ते म्हणाले. "लाकूड फुगलं असणार."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "लाकूड बरोबर तुमच्या सोयीनं फुगतंय."

"माझ्या गैरसोयीनं," तपासनीस कडाडले.

पुरावा पुरता संपायच्या आत गेलेलं बरं, म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी सकाळीच खुर्ची उचलली. कंडक्टरने या वेळी काही न बोलता तिला जागा करून दिली. दुकानात गर्दी होती. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "हे आपल्या गिटारीतला दोष दाखवणार आहेत. लक्ष देऊन ऐका."

तपासनीसांनी धून सुरू केली. पहिली ओळ स्वच्छ गेली. दुसरी गेली. जिथे हमखास खरखरायचं ती जागा आली आणि तिथला स्वर घंटेसारखा वाजला. ते म्हणाले, "एक मिनिट," आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. पुन्हा स्वच्छ.

बोट नुसतं जरासं मागे सरकवलं असतं तर काम झालं असतं. तो मोह त्यांना झाला. खोटा दोष दाखवणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, तरी झाला. तिसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा त्यांनी दात आवळून बोट चुकीच्या जागी न्यायचा प्रयत्न केला. बोट गेलं ते थेट पट्टीला लागून बसलं.

"कुठे खरखरतेय?" बाईंनी विचारलं.

"आज खरखरत नाहीये," तपासनीस म्हणाले. "दोष कधीकधी तपासनीसासमोर लपतो."

कोपऱ्यातल्या एका आजींनी टाळ्या वाजवल्या. तपासनीसांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, गिटार पिशवीत घातली, खुर्ची उचलली आणि कुणाचाही निरोप न घेता ते चालते झाले. एवढा अपमान त्यांचा कारखान्यात कधी झाला नव्हता.

घरी बायकोने दार उघडलं. "परत नाही घेतली?"

"नाही. त्या बाईला ऐकूच येत नाही नीट." ते खिडकीशी बसले आणि संतापाच्या भरात सगळी धून पुन्हा वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदाही न चुकता. वाजवून झाल्यावर ते गिटारीकडे बघत राहिले.

"चांगली वाजवता हो," बायको म्हणाली. "पण कान किटले माझे तेच तेच ऐकून. आता दुसरं काहीतरी वाजवा."

"दुसरं येत नाही मला. माझी तक्रार एवढ्याचीच होती."

बायकोने दाराशीच राहिलेली खुर्ची जेवणाच्या टेबलाशी नेऊन ठेवली. मग सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "मग दुसऱ्याचीही करा की."

तपासनीसांनी बाह्या दुमडल्या. मग त्यांनी सर्वांत जाड तार छेडली, मान तिरकी करून ऐकली, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"ही बघ," ते म्हणाले. "हिच्यातही दोष आहे."