शिडाच्या होडीची रीसेल व्हॅल्यू

उजनीकाठच्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची होडी मी घेतली. छोटी, फायबरची, शिडाची. खाली चाकांचा ट्रेलर. मोटारीला जोडायची आणि हवी तिथं न्यायची. (आमच्याकडे मोटार नाही. ती पुढची पायरी.)

टेम्पोमागून होडी अंगणात आली तेव्हा माझी बायको दाक्षायणी रिकामी घागर घेऊन दारात उभी होती.

“अहो, नळाला पाणी न्हाई आणि तुम्ही होडी आणली?”

“बिल्ड क्वालिटी बघ! असल्या वस्तूला रीसेल व्हॅल्यू असते.”

“मग विका की.”

मी मोबाइलवर जाहिरात टाकली.

माझे सासरे सिद्धारामअप्पा, होटगीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असायचे, भिंतीकडे तोंड करून पडलेले. बोलणं बंद. पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायचे. दाक्षायणी चुलीकडे तोंड करून डोळे पुसायची.

एका सकाळी अप्पा खाटेवर नव्हते. गल्लीभर शोधलं, तर ते होडीत बसलेले.

“अप्पा, हितं काय करताय?”

“बरं वाटतंय,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा चहा, भाकरी सगळं होडीत जाऊ लागलं. “आता विकू नका,” दाक्षायणी हळूच म्हणाली. पण जाहिरात वाचून बार्शीचे महेश्वरशेठ होडी बघायला निघालेही होते.

शेठनी होडीला टिचक्या मारल्या, कान लावला. “आतनं पोकळ वाजतंय की.”

“पोकळ?” मला ते लागलं. “अहो, हत्ती नाचवा हिच्यावर!”

हत्ती जवळपास नव्हता, म्हणून मीच वर चढलो आणि उडी मारली.

कडकन आवाज झाला. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि तळव्याला खालून अंगणातला वारा लागला.

होडीतच बसलेल्या अप्पांनी माझ्या पायाकडे पाहिलं. त्यांच्या छातीतून काहीतरी खरखरत वर आलं. मला वाटलं, ठसका. पण ते हसत होते. हसता हसता डोळे भरून आले.

“नागव्वा असती तर लई हसली असती,” ते म्हणाले, आणि मग रडू लागले. अव्वाचं, म्हणजे सासूबाईंचं, नाव त्यांनी ती गेल्यापासून उच्चारलं नव्हतं. दाक्षायणी धावत होडीत चढली आणि त्यांच्या गळ्यात पडली. दोघं मनसोक्त रडली. (मला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही. तो प्रसंगही नव्हता.)

शेठनी शेवटी नुसता ट्रेलर घेतला, कडबा वाहायला. होडी अंगणात उतरवली. त्या दुपारी अप्पांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि आणखी आमटी मागितली.

संध्याकाळी दाक्षायणी माझ्या मांडीला हळद लावत होती.

“फसलो गं मी,” मी म्हणालो.

“फसलात कसले? अव्वा गेल्यापासून अप्पा आज पहिल्यांदा हसले.” मग तिनं माझ्या दुसऱ्या, धड पायाकडे जरा वेळ पाहिलं.

“हा कधी घालताय होडीत?”