घरातलं बीपी नक्की कोणाचं?

टोकावड्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभं राहायचं, की समोरच्या मंडपातल्या रिकाम्या खुर्चीवर टेकायचं, एवढाच प्रश्न होता. जयराम विशे टेकले. मंडप निघाला फुकट आरोग्य तपासणीचा. जो बसेल त्याच्या दंडाला पट्टा, असा तिथला कारभार. आधीची एसटी गाठायला जयराम जीव घेऊन धावले होते (ती चुकली ती चुकलीच), त्यामुळे वरचा आकडा आला एकशे बावन्न.

"पुरुष, त्यात पन्नाशी उलटलेली. सांभाळा," मशीनवाला म्हणाला. "आणि घरी शांतपणे पुन्हा मोजून घ्या."

यातलं दुसरं वाक्य जयरामांनी एसटीत सांडलं. सापगावात उतरले ते पूर्णवेळ पेशंट होऊनच.

"वत्सला, मला बीपी झालाय."

"अग्गो बाय! मंग आता?"

"मंग काय? माज्या डोक्याला ताप नको. हा पुरुषांचा आजार हाय, तुला नाय कळायचा."

त्याच दिवशी ओटीवर खाट पडली. खाटेवर जयराम पडले. म्हशीची वैरण, गिरणीतून तांदळाच्या गोणी, विहिरीवरची मोटार, सगळं चोपन्न वर्षांच्या वत्सलाबाईंच्या अंगावर आलं. त्यात गावभर बातमी. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला जयराम आपला आकडा सांगायचे (तो एव्हाना एकशे नव्वदवर गेला होता), आणि वत्सलाबाई चहा टाकायच्या.

आठवड्यानं गावातली आशा सेविका कविता मशीन घेऊन आली.

"काका, पाच मिनिटं गप बसा, मग मोजते."

पाच मिनिटं गप बसणं हाच जयरामांना त्या आजारातला सगळ्यात मोठा त्रास झाला. आकडा आला एकशे सव्वीस.

"नॉर्मल हाय की!"

जयरामांचा चेहरा पडला. आठवडाभराची इज्जत होती ती. "मशीन बिगडलंय तुजं. हिला लावून बघ. हिला कवा साधी सर्दी नाय, लगेच कळंल."

वत्सलाबाई नको नको म्हणत खाटेच्या कडेला बसल्या. आकडा आला एकशे बहात्तर.

"बगितलंस? बिगडलंय!" जयराम खूश.

कविता हसली नाही. तिनं थांबून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. "काकी, डोकं दुखतं?"

"चार-पाच दिस झालं. उनानं असंल."

"मग बोलला का नाय?"

"घरात येक बीपी होता ना गो. दुसरा ठेवायचा कुठं?"

"पन हा पुरुषांचा..." जयराम पुटपुटले.

"काका, तरुणपणी पुरुषांचं जास्त असतं, ते बरोबर. पण पाळी गेली की बाईचंपण चढायला लागतं. साठीच्या आसपास बाया पुरुषांना गाठतात, म्हातारपणी मागंपण टाकतात. त्यांना कोण पट्टा लावत नाय, म्हणून कळत नाय. काकींना आजच डॉक्टरकडं न्या."

जयरामांनी बायकोकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि एवढं बोलणं चालू असताना चहाचे कप गोळा करायला उठलेली. त्यांनी तिच्या हातातले कप काढून घेतले (एक फुटला), आणि रिक्षा बोलावली.

शहापूरच्या दवाखान्यात गोळी सुरू झाली. जयराम आता जोमानं सेवेला लागले. म्हशीला वैरण घातली, भाजीतलं मीठ काढलं, लोणच्याची बरणी माळ्यावर चढवली. आणि दर अर्ध्या तासानं, "गोळी घेतलीस? चक्कर येतेय? चिडू नको हां! चिडलीस तर वाढंल!"

महिन्यानं पुन्हा तपासणी. पट्टा दंडाला, जयराम कानाशी. "मॅडम, मीठ मीच बंद केलं. वत्सला, श्वास घे. असा नाय, हळू! मॅडम, ही माजं ऐकतच नाय..."

एकशे अठ्ठावन्न.

डॉक्टर मॅडमनी आकड्याकडे पाहिलं, मग जयरामांकडे. "काका, तुम्ही जरा बाहेर बसता?"

दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं. एकशे तीस.

वत्सलाबाई कार्ड घेऊन हसत बाहेर आल्या. जयरामांनी ते घाईनं ओढून घेतलं. गोळी तीच होती. खाली पथ्याच्या रकान्यात मॅडमनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मीठ आणि यजमान, दोन्ही कमी.'