ह्यात भारत कुठं हाय?

आण्णा देसूरकर कुणाच्या नव्या घरी गेले की आधी भिंतीवर टिचकी मारतात, मान वाकडी करून छताकडे बघतात आणि यजमानाला विचारतात, "ह्यात भारत कुठं हाय?" यजमान बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा. कुणी देवघराकडे बोट दाखवतं, कुणी टीव्हीवर चाललेल्या मॅचकडे. आण्णा दीर्घ श्वास सोडून खुर्चीत बसतात. त्यानंतर चहाला चव राहत नाही.

आण्णा आर्किटेक्ट आहेत. बेळगावात खडेबाजारात, एका साडीच्या दुकानाच्या वर, त्यांचं आणि मल्लिकार्जुन हिरेमठांचं ऑफिस आहे. मल्लण्णा बैलहोंगलचे. घरी कानडी, ऑफिसात मराठी, गिऱ्हाइकाशी जे पटेल ते. एक मराठी, एक कानडी, आणि दोघांनी मिळून काय काढलं होतं, तर भारतीय वास्तुशैली शोधायचा उद्योग. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर वर असावं यावरून दगड उचलले गेलेत, त्या गावात हे दोघं अख्ख्या देशाला एक चेहरा देणार होते. मी त्यांचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. म्हणजे भारत पडू नये एवढीच जबाबदारी माझी.

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला बंगला बांधायचा होता. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. सोनेरी खांब, दारात सिंह. "दुबईत असाच हाय," तो म्हणाला.

"दुबईत भारत कसा मिळंल?" आण्णांनी विचारलं.

"मिळंल की! माझा मेव्हणा तिथंच हाय."

आण्णांनी त्याला आकाशाला उघडा चौक दिला. चौकात बसून चांदणं बघायचं, असा बेत होता. व्यापाऱ्यानं वास्तुशांतीच्या आधीच त्यावर हिरवे पत्रे ठोकले. तेव्हापासून निपाणीची गाडी त्या रस्त्याला लागली की आण्णा डोळे मिटून घेतात. बाकी सिंह दारात बसलेच. ते मल्लण्णांनी गुपचूप बसवून दिले होते. "गिऱ्हाईक बी भारतातलंच की हो," एवढंच ते म्हणाले.

आण्णांचं लग्न राहून गेलं. विचारलं तर म्हणतात, "प्लॅन फायनल झाला न्हाय." दुपारचा डबा मल्लण्णांच्या घरून दोघांचा यायचा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. खाता खाता खांबांवरून वाद. ही भागीदारी अशीच म्हातारी व्हायची, पण मध्ये दिल्ली आली.

दिल्लीत बांधायच्या एका भवनासाठी आराखडे मागवले होते. अट एकच, इमारतीत देशाची ओळख दिसली पाहिजे. आण्णांनी जाहिरात उभ्यानं वाचली आणि खाली बसले. जन्मभर ज्या परीक्षेचा अभ्यास केला तिचा पेपर हाती आला होता.

खांब ठरले, पायऱ्या ठरल्या. भांडण छपरावर आलं.

"उतरतं छप्पर," आण्णा म्हणाले. "जांबोटीकडं बघ. कौलावरनं पाणी कसं पळतंय! ह्याला म्हणायचं भारत."

"सपाट धाबं," मल्लण्णा म्हणाले. "आमच्याकडं धाब्यावर मिरच्या वाळवत्यात. तुमच्या कौलावर वाळवून दाखवा बघू."

"तुमच्यात पाऊसच न्हाय, तुला छप्पर काय कळतंय?"

"दिल्लीत तरी जांबोटीचा पाऊस कुठं पडतोय हो?"

आण्णांचा आवाज चढला. "मल्लू, तू बैलहोंगलचा हाईस! भारताचा न्हाईस!"

मल्लण्णांनी रूळ-पेन्सिली गोळा केल्या, आपला डबा झाकला आणि जिना उतरून गेले. दोन राज्यांना इतक्या वर्षांत जी वाटणी नीट जमलेली नाही, ती या दोघांनी एका दुपारात करून टाकली. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. ती नेमकी माझ्या टेबलावर आली. अर्धं टेबल इकडं, अर्धं तिकडं. सीमाभागातला सीमाभाग मी. बीमचा हिशेब आण्णांना या बाजूनं द्यायचा आणि मल्लण्णांना वळसा घालून त्या बाजूनं. डबाही आता एकाचाच येई. आण्णा समोरच्या हॉटेलात जाऊन राईस प्लेट खात आणि परत येऊन भाताला नावं ठेवत.

दोघांनी वेगवेगळे आराखडे पाठवले. दोघांचेही पडले. निवडून आला तो काचेचा एक उंच डबा. आण्णांनी पेपरातला फोटो बघितला आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "ह्यात भारत कुठं हाय?"

फळीपलीकडून आवाज आला, "न्हायच."

आण्णांनी मान वर केली. तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी घसा खाकरला आणि पेपर उलटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मल्लण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. हळूहळू काही शब्द परत आले, पण ते सगळे कानडी. जन्मभर आमच्याशी बोललेलं मराठी कुठं पुसलं गेलं कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. ते मात्र गप्प पडून राहायचे.

आण्णांनी ऐकलं आणि छत्री घेऊन अनगोळला त्यांच्या घरी गेले. त्या दिवसापासून रोज दुपारी जातात. आण्णांचं कानडी भाजी घेण्यापुरतं. कोथिंबिरीच्या पलीकडं गेलं की गाडी अडते.

श्रावणात एकदा मीही गेलो. आण्णांनी छत्री झटकली, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मनी बराकत्तैति!"

आता पाऊस म्हणजे मळी आणि घर म्हणजे मनी. पाऊस येतोय म्हणायचं होतं, हे म्हणाले घर येतंय. मल्लण्णांच्या तोंडाची एक बाजू थरथरली, वर गेली. ते हसत होते. मग ओठ जुळवून, जीव एकवटून त्यांनी म्हटलं, "म... ळी."

"मनी?"

"मळी!"

"व्हय व्हय, मळी," आण्णा म्हणाले. आतून आक्का, म्हणजे मल्लण्णांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून बघत होत्या.

पुढं दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तर बाहेर कडकडीत ऊन. आण्णा आत शिरले आणि तेच, "मनी बराकत्तैति!" मल्लण्णा खवळून उशीवरून अर्धे उठले. "मळी! मळी... इल्ल!" पाऊस नाहीच, असं खिडकीकडं डाव्या हातानं दाखवत त्यांनी दोनचार शब्द आणखी सुनावले.

परत येताना रस्त्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "आण्णा, एवढ्या महिन्यांत एक शब्द येईना तुम्हाला? मळी, मळी."

"ठावं हाय रं मला," आण्णा पुढं बघत म्हणाले. "पयल्याच दिवशी कळलं. पण बरोबर बोललो की त्यो गप बसतोय."